कॉमेंट्री बॉक्स इंदूरला, कॉमेंटेटर मुंबईला

आयपीएलचा मोसम आला की इंदूरच्या मराठी घरांत एक भांडण नेमानं होतं. टीव्हीवर मराठी कॉमेंट्री लावायची की हिंदी? हौसेनं मराठी लावली जाते, दोन षटकांत कुणीतरी ‘काय हा पोरकटपणा’ म्हणत रिमोट उचलतं, आणि पुढचा अर्धा तास सामना बाजूला राहून कॉमेंट्रीवरच चर्चा रंगते. एक पक्ष म्हणतो, माजी खेळाडूंनी माईक बळकावला, त्यांना भाषा येत नाही. दुसरा म्हणतो, ज्याच्या बरगडीवर कधी चेंडू आदळला नाही त्यानं आम्हाला पुलचा फटका समजावू नये. तिसरा, वयानं मोठा पक्ष रेडिओचे दिवस आठवून सुस्कारा सोडतो. शहरात गेल्या काही हिवाळ्यांपासून आणखी एक वाद चालू आहे, तो गायकांच्या दौऱ्यांचा. 8 डिसेंबर 2024 रोजी दिलजीत दोसांझचा दौरा इंदुरात आला तेव्हा तिकिटांचा काळाबाजार, दारू, आवाज, वाहतूक या सगळ्यांवर बोलून झालं. असल्या दौऱ्यात काम कसं चालतं, माणसं कशी तयार होतात, याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

हे दोन वाद शेजारी ठेवून पाहिले तर पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात सापडतं, असं माझं मत आहे. समालोचन उतरलं त्याचा दोष माजी खेळाडूंवर टाकणं सोपं आहे, मराठीवर टाकणं त्याहून सोपं. खरं कारण असं की समालोचकाचा दौरा बंद झाला. गायकाच्या ताफ्यातला साउंडवाला आजही गावोगाव जातो आणि प्रत्येक गावात काही शिकून पुढच्या गावाला निघतो. प्रादेशिक भाषेतल्या समालोचकाला आपण मुंबईच्या स्टुडिओत पडद्यासमोर बसवलं आहे, आणि तिथूनच त्यानं इंदूर, चेन्नई, धरमशाला डोळ्यांसमोर उभं करावं अशी अपेक्षा धरतो.

पडद्यावरून समालोचन म्हणजे काय, हे नीट पाहायला हवं, कारण तक्रार करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असतं. समालोचकापुढे मॉनिटर असतो. त्यावर मैदानावरच्या दिग्दर्शकानं निवडलेलं चित्र येतं आणि हेडफोनमध्ये प्रेक्षकांचा आवाज. म्हणजे त्याला दिसतं ते तुम्हाला घरी दिसतं त्याहून फारसं वेगळं नसतं. दोन चेंडूंच्या मधे पडद्यावर रिप्ले चालू असतो. नेमक्या त्याच वेळात कर्णधार मिडविकेट मागे ढकलतो, स्लिप काढतो, गोलंदाजाला दोन शब्द सुनावतो. बॉक्समध्ये बसलेला माणूस हे नुसत्या मान वळवण्यानं टिपतो. स्टुडिओतल्याला ते पुढचा चेंडू पडल्यावर, कधी झेल गेल्यावर कळतं. चेंडू हवेत उंच गेला की मैदानावरचा समालोचक चेंडू सोडून क्षेत्ररक्षकाकडे पाहतो. तो मागे पळतो आहे की पाय रोवून उभा आहे, यावरून झेल की षटकार हे त्याला आधीच उमगतं. पडद्यावर काळ्या आकाशात एक पांढरा ठिपका असतो, त्याला खोली नसते. मग तोंडाला येतं ते ‘आणि हा चेंडू गेलाय हवेत, गेलाय, गेलाय...’ कॅमेऱ्यानं उलगडा करेपर्यंत वेळ काढायचा असतो, आणि वेळ काढायला विशेषणं आणि चढा स्वर एवढंच हाताशी असतं. घरात रिमोट उचलला जातो तो याच आरडाओरड्याला कंटाळून. त्यात कानातला प्रेक्षकांचा आवाज चढा ठेवलेला असेल तर माणसाचा स्वर आपसूक वर जातो. गोंगाटात आपण सगळेच मोठ्यानं बोलतो, हेडफोनमधल्या गोंगाटालाही तोच नियम. गायकाच्या कानातला मॉनिटर बिघडला की तोही असाच घसा फोडतो, फक्त त्याच्या ताफ्यात हे ओळखून पुढच्या गाण्याआधी दुरुस्त करणारा एक माणूस त्याच कामासाठी उभा असतो.

आता विरुद्ध बाजूचं जे बळकट आहे ते मान्य करू. पहिली गोष्ट, पडद्यावरून समालोचन नसतं तर मराठी समालोचन टीव्हीवर आलंच नसतं. 2023 साली जिओसिनेमा या अ‍ॅपनं आयपीएल 12 भाषांत दिली आणि त्यात मराठी होती. प्रत्येक भाषेचे दोन-तीन जण प्रत्येक शहरात न्यायचे तर विमानाची तिकिटं, हॉटेलं आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे जागा. होळकर स्टेडियम काय किंवा आणखी कुठलं काय, तिथल्या कॉमेंट्री बॉक्सच्या खोल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. दुसरी गोष्ट, ही युक्ती आजची नाही. 1938 साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा सिडनीच्या स्टुडिओत बसून, तारांवरून येणाऱ्या त्रोटक मजकुराच्या आधारे, लाकडावर पेन्सिल आपटून बॅटचा आवाज काढत समालोचन केलं गेलं, आणि लोकांनी रात्र रात्र जागून ते ऐकलं. त्याच दशकात अमेरिकेत डेस मोइन्सच्या रेडिओ केंद्रावर रोनाल्ड रेगन नावाचा तरुण तारेवरून बेसबॉल ‘पाहत’ असे. एकदा तार तुटली तेव्हा त्यानं फलंदाजाला कित्येक मिनिटं नुसते फाउल, म्हणजे खेळ पुढे न सरकवणारे फटके, मारायला लावले, हा किस्सा राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही तो रंगवून सांगायचा. आणि 18 जुलै 2020 ला, कोविडच्या दिवसांत, सेंच्युरियनला चाललेल्या सामन्यावर इरफान पठाण बडोद्याच्या घरून, दीप दासगुप्ता कोलकात्याहून आणि संजय मांजरेकर मुंबईहून बोलले. सामना दाखवला गेला, आभाळ कोसळलं नाही.

तरीही यातून जो निष्कर्ष काढला जातो तो चुकीचा आहे. 1938 च्या त्या स्टुडिओत कोण बसलं होतं? त्यांच्यात अ‍ॅलन मॅकगिल्व्हरे होता. न्यू साउथ वेल्सचं कर्णधारपद केलेला, त्याआधी प्रत्यक्ष मैदानावरून बोललेला, आणि नंतर 1985 पर्यंत मैदानोमैदानी फिरलेला माणूस. तारेवर ‘कव्हर ड्राइव्ह, चार’ एवढंच आलं तरी त्यात क्षेत्ररक्षक कुठे धावला असेल हे त्याला भरता येत होतं, कारण त्यानं ते हजारदा पाहिलं होतं. 2020 मध्ये घरून बोलणारे तिघेही कसोटी खेळलेले. साठवणीतून खर्च करणं आणि साठवण नसतानाच खर्चाला बसणं यात फरक आहे. आजच्या प्रादेशिक पॅनेलवरच्या बावीस-पंचवीस वर्षांच्या मुलाची पहिलीच नोकरी मॉनिटरसमोरची असते. त्यानं साठवण करायची कुठे?

खर्चाचं गणितही ताणून पाहू. 2022 च्या लिलावात आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच वर्षांचे प्रसारण हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले. सामने धरले होते 410. म्हणजे एका सामन्याला 118 कोटी. या रकमेपुढे दोन माणसांचं इंदूरचं तिकीट हे कारण म्हणून पुढे करायला धाडस लागतं. शिवाय वानखेडेचं काय? स्टुडिओ मुंबईत आणि मैदानही मुंबईतच, तिथे विमानाचा प्रश्नच येत नाही. बॉक्समध्ये जागा नसेल तर ऑलिंपिकमध्ये आणि फुटबॉलच्या विश्वचषकात करतात तसं करावं: प्रेक्षागारात वरच्या रांगांत लांबलचक टेबलं, प्रत्येकावर छोटा मॉनिटर, दोन हेडसेट आणि खोकला आला तर माईक बंद करायचं बटण. शेजारी पाच भाषांत पाच जण ओरडत असले तरी ओठाला चिकटवून धरायच्या माईकमध्ये फक्त स्वतःचा आवाज जातो. ही सोय गेली कित्येक दशकं उपलब्ध आहे. सगळ्या भाषा सगळ्या सामन्यांना नेण्याचीही गरज नाही. पाळीपाळीनं, मोसमात प्रत्येक भाषेच्या जोडीला पाच-सहा सामने मैदानावरून मिळाले तरी उरलेले सामने ती जोडी पडद्यावरून वेगळ्या रीतीनं बोलेल.

इथे होळकर स्टेडियमचंच उदाहरण घ्यावं, कारण ते लख्ख आहे. 1 मार्च 2023 ला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत भारत इथे 109 धावांत गारद झाला. सामना तिसऱ्या दिवशी सकाळीच संपला, खेळपट्टीला आयसीसीनं आधी ‘खराब’ शेरा दिला आणि अपिलानंतर तो सौम्य केला. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला त्याच संघाविरुद्ध, त्याच मैदानावर भारतानं 50 षटकांत 5 बाद 399 केल्या. जो माणूस हे मैदान फक्त पडद्यावर ओळखतो त्याच्या लेखी इंदूर म्हणजे छोट्या सीमारेषा आणि धावांचा पाऊस: सेहवागचे 219, रोहित शर्माचं 35 चेंडूंतलं शतक. मार्चच्या सकाळी पहिल्या अर्ध्या तासात चेंडू हातभर वळायला लागला तेव्हा या पाठ केलेल्या माहितीचा काय उपयोग होता? आणि त्याआधीचं, नेहरू स्टेडियमवरचं प्रकरण तर जुन्या इंदूरकरांना विसरता येत नाही. 25 डिसेंबर 1997, भारत-श्रीलंका, आणि खेळपट्टी धोकादायक म्हणून तीन षटकांत सामना बंद. अशा वेळी पडद्यावर काय दिसतं? प्रेक्षक, पंच, पुन्हा प्रेक्षक. सामना का थांबला, कर्णधार काय हातवारे करतोय, पंच खेळपट्टीवर कुठे वाकून बघतायत, लोक चिडलेत की गोंधळलेत, हे तिथे असलेल्यालाच सांगता येतं. समालोचकाची कसोटी अशाच तासाला लागते. चौकाराला ‘चौकार’ म्हणायला कुणीही पुरतो.

आता दौऱ्याकडे वळू. मोठ्या गायकाचा ताफा शहरात येण्याच्या आधी काही आठवडे एक माणूस येऊन जागा पाहून जातो: जमीन कुठे दबते, जनरेटर कुठे राहतील, ट्रक आत कसे वळतील, वस्ती कुठल्या दिशेला आहे. मग दोन-तीन दिवस आधी मंच उभा राहतो, स्पीकरच्या माळा टांगल्या जातात, आणि मागच्या लोकांसाठी मधे मधे उभे केलेले जास्तीचे स्पीकर येतात. या मधल्या स्पीकरांचा आवाज मुद्दाम उशिरा सोडावा लागतो, नाहीतर मागच्याला आधी जवळचा आणि मग मंचावरचा असा दुहेरी आवाज ऐकू येतो. किती उशिरा? 70 मीटरला साधारण एक पंचमांश सेकंद. पण आवाजाचा वेग तापमानावर ठरतो. डिसेंबरात इंदूरला दुपारी चाचणी घेतली तेव्हा 27 अंश असतील तर वेग सेकंदाला सुमारे 348 मीटर; रात्री 12 अंशांवर तो 339 पर्यंत उतरतो. 70 मीटरला पाच मिलिसेकंदांचा फरक पडतो, आणि दुपारचा आकडा तसाच ठेवला तर मागच्या रांगांत शब्द पुसट होतात. कोरड्या हवेत उंच स्वर लवकर विरतात, म्हणून मुंबईच्या दमट हवेत बसवलेला आवाज माळव्यात दूरवर बोथट वाटतो. मैदान रिकामं असताना घेतलेली चाचणी माणसं भरल्यावर निम्मी खोटी ठरते, कारण माणसांची अंगं आवाज पितात. आणि थंडीच्या रात्री जमिनीलगत गार आणि वर उबदार हवा असली की आवाज वर न जाता खाली वळतो आणि दूरच्या वसाहतींत दणका पोचतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज आसपासच्या मर्यादेहून 10 डेसिबल जास्त किंवा 75 डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या आत ठेवायचा. ते आयोजकाला त्या रात्रीच्या हवेत सांभाळावं लागतं.

हे सगळं ताफ्यातल्या माणसाला कुठे शिकवलं? बहुतेकांना कुठल्याच संस्थेत नाही. तो पहिल्या दौऱ्यात केबल गुंडाळत होता, दुसऱ्यात माईक लावत होता, तिसऱ्यात मंचावरच्या वादकांचा आवाज सांभाळायला लागला, आणि मग कधीतरी प्रेक्षकांसमोरच्या मुख्य टेबलावर आला. कार्यक्रम रोज तोच, गाव रोज वेगळं. कार्यक्रम तोच असल्यामुळे काय चुकलं हे लगेच कळतं आणि गाव वेगळं असल्यामुळे ते का चुकलं हे कळतं. याहून चांगली शाळा कुणी काढली आहे का? आपल्याकडच्या संगीत नाटक मंडळ्या याच रीतीनं चालत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे हे त्यांचे ठरलेले मुक्काम. पोरगा कोरसमध्ये उभा राही, गावोगावचे रसिक आणि राजदरबार ऐकत ऐकत एक दिवस भूमिका मिळे. इंदूरच्या मराठी प्रेक्षकाला हे वेगळं सांगायला नको. ‘सानंद’ या इथल्या मराठी संस्थेच्या सभासदांच्या गटांसाठी एकाच नाटकाचे लागोपाठ प्रयोग होतात, आणि पहिल्या प्रयोगाला बसलेला व शेवटच्या प्रयोगाला बसलेला प्रेक्षक तेच नाटक पाहून येत नाहीत.

कुणी म्हणेल, ही तुलना लंगडी आहे. गाण्याचा कार्यक्रम आधी बसवलेला असतो, आजकाल तर पडद्यावरची चित्रं, दिवे आणि वाद्यांचे काही भाग संगणकाच्या घड्याळाला बांधलेले असतात. खेळात पुढचा चेंडू कुणालाच माहीत नसतो. हरकत खरी आहे, पण ती माझ्याच बाजूला पडते. बसवलेल्या कार्यक्रमाला जर जागेवर जाऊन ऐकण्यावाचून गत्यंतर नसेल, तर न बसवलेल्याला ते कितीतरी अधिक लागणार. 26 जानेवारी 2025 ला अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियममधला कोल्डप्लेचा कार्यक्रम डिस्ने प्लस हॉटस्टारवर थेट दाखवला गेला. क्रिकेटचंच मैदान, क्रिकेट दाखवणारंच माध्यम. तिथला आवाज मुंबईच्या खोलीत बसून टीव्हीच्या चित्रावरून बसवा, असं कुणी सुचवलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. समालोचकाच्या बाबतीत तीच सूचना काटकसर म्हणून मान्य झाली.

दौऱ्यांचं हे कौतुक डोळे मिटून नाही. मंच उभारणारे बहुतेक रोजंदारीवर, विमा नाही, रात्रपाळीला जोडून दिवसपाळी. एका गायकाचा दौरा संपला की सगळा ताफा एका दिवसात बेकार होतो. मैदानांचीही हानी होते. 2024 च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर कार्यक्रमानंतर धावपटूंना कचऱ्यात सराव करावा लागल्याच्या तक्रारी रास्त होत्या. आच्छादनाखाली दोन-तीन दिवस राहिलं की गवत पिवळं पडतं आणि खेळपट्ट्यांच्या चौकोनावर वजन येऊ देणं हा गुन्हाच मानला पाहिजे. पण हे भाडेकरारात लिहून घ्यायचे मुद्दे आहेत. इथे दौऱ्याकडून घ्यायचं आहे ते त्याचं प्रशिक्षण.

रेडिओच्या काळाबद्दल सुस्कारे सोडणाऱ्या तिसऱ्या पक्षालाही दोन गोष्टी सांगायला हव्यात. तो काळ न्यायाचा होता असं मुळीच नाही. बॉबी तल्यारखानांनी 1934 साली मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावरून समालोचन केलं तेव्हापासून ते दिवसभर एकटेच बोलत, फक्त जेवण आणि चहापुरते थांबत. पुढे आकाशवाणीनं तिघांचं पॅनेल करायचं ठरवलं तेव्हा माईक वाटून घेण्यापेक्षा त्यांनी तो सोडला. बोलण्यावर ज्याची हुकमत तोच मालक, अशी ती वृत्ती. पुढे सरकारी मक्तेदारी आली आणि ऑडिशन, वशिला, तुटपुंजं मानधन हे सगळं आलं. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रसारणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला तो याच मक्तेदारीच्या प्रकरणात, आणि तो योग्यच होता. पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट आपोआप घडत होती: समालोचक संघाबरोबर फिरायचा. कानपूरला मध्यंतरात धावसंख्या सांगायला विसरला तर चेन्नईला विसरायचा नाही. बाळ पंडित, वि. वि. करमरकर यांनी मराठीतून क्रिकेट सांगितलं ते मैदानावर बसून. आपल्या इंदूरचे सुशील दोशी हिंदीत बोलत, पण त्यांची शाळा हीच. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि होळकर स्टेडियमच्या कॉमेंट्री बॉक्सला त्यांचं नाव आहे. नाव दिलं, उत्तम केलं. त्या बॉक्समध्ये बसून दुसरा दोशी कुठल्या वाटेनं तयार होईल, हे मात्र कुणी ठरवलेलं नाही.

माजी खेळाडूंच्या प्रश्नावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. चेंडू आत का आला, हे गोलंदाजाच्या मनगटावरून त्यांना दिसतं ते इतरांना दिसत नाही. ही त्यांची जागा हक्काची आहे. चूक होते ती दोन्ही कामं त्यांच्याकडे देण्यात. काय घडलं ते सांगणारा आणि का घडलं ते सांगणारा, ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं काम करणारा कमावायला दहा वर्षं लागतात. शिवाय त्याची नोकरी मोठी डळमळीत. 2016 च्या आयपीएलआधी हर्षा भोगले यांना आणि 2020 मध्ये संजय मांजरेकर यांना क्रिकेट मंडळाच्या पॅनेलमधून बाजूला केलं गेलं. एवढ्या नावाजलेल्यांची ही गत असेल, तर नव्या मुलानं दहा वर्षं कशाच्या भरवशावर घालवावीत? ज्याला क्रिकेट खेळल्याची जोड नाही आणि मैदानही मिळत नाही, तो मग यूट्यूबवरच्या विनोदांकडे वळतो. तेच विनोद नंतर मराठी कॉमेंट्रीत ऐकू येतात आणि आपण कपाळाला हात लावतो.

एक धोका स्टुडिओवाल्यांनी स्वतःच्याच हितासाठी ओळखावा. 2023 च्या विम्बल्डनला क्षणचित्रांवरचं समालोचन आयबीएमच्या यंत्रणेनं तयार केलं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकला अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीनं समालोचक अल मायकल्स यांच्या आवाजाची संगणकी प्रत वापरून रोजचे सारांश दिले. जो माणूस फक्त पडद्यावरचं चित्र आणि आकडे यांवर बोलतो, त्याचं काम यंत्राला सर्वांत आधी जमणार, कारण यंत्रालाही तेच चित्र आणि तेच आकडे मिळतात. यंत्राला मिळत नाही ते चौकटीबाहेरचं: ड्रेसिंग रूमच्या पायऱ्यांवर पॅड बांधून बसलेला कोण, दवामुळे दर चेंडूला टॉवेल मागणारा गोलंदाज, पूर्वेकडच्या स्टँडमधली अचानक पडलेली शांतता. समालोचकाला या गोष्टींपासून तोडणं म्हणजे त्याला यंत्राच्या रांगेत उभं करणं.

मग इंदूरनं काय करावं? आयपीएल आपल्या हातात नाही, रणजी सामने आहेत. चार वेळा रणजी जिंकलेल्या होळकर संघाचं आणि 2022 मध्ये बंगळुरूत मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकलेल्या मध्य प्रदेशाचं हे घर. साखळीतल्या सातपैकी तीन-चार सामने घरच्या मैदानावर येतात. एका दिवसात सहा तास खेळ, म्हणजे 20 मिनिटांच्या 18 पाळ्या. चार दिवसांच्या तीन सामन्यांत 216. प्रेक्षागार जवळपास रिकामं, कुणाला त्रास नाही. सहा मुलं-मुली, मराठी आणि हिंदीचे तीन-तीन, एक अनुभवी स्कोअरर, चार हेडसेट, दोन लॅपटॉप आणि सीमारेषेवर मैदानाचा आवाज घेणारा एक माईक. एवढ्या साहित्याला फार मोठा खर्च नाही. पडदा ठेवायचा नाही. चित्राशिवाय, रेडिओच्या रीतीनं बोलायचं, कारण ज्याला रेडिओ जमतो त्याला टीव्हीवर गप्प राहायला शिकवता येतं, उलटं फार क्वचित होतं. प्रत्येक चेंडूला क्रम ठरलेला: गोलंदाज कुठल्या टोकाकडून, क्षेत्ररचना बदलली का, टप्पा, फटका, चेंडू कुठे गेला, धावसंख्या. अमेरिकी समालोचक रेड बार्बर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ समोर ठेवायचा. वाळू संपली की धावसंख्या सांगायची आणि घड्याळ उलटायचं. तेच इथे ठेवावं. पहिल्या आठवड्यात ठरलेल्या चुका होणारच: चेंडू दोरीला लागण्याआधीच चौकार जाहीर करणं, पहिल्याच फटक्याला आवाज टिपेला नेऊन पुढे जागाच न ठेवणं, पाठमोऱ्या क्षेत्ररक्षकाला भलत्याच नावानं हाक मारणं, गडी बाद झाल्यावर तो कसा गेला हे सोडून पुढच्या फलंदाजाची कारकीर्द वाचत बसणं.

हक्कांची अडचण आहे. रणजीचे प्रसारण हक्क बीसीसीआयचे, त्यामुळे हे समालोचन परस्पर इंटरनेटवर सोडता येणार नाही, परवानगी लागेल. ती मिळेपर्यंत ते मैदानातच ऐकवता येईल, अंध प्रेक्षकांना, बिनतारी हेडफोनवर. 1927 साली ट्विकनहॅमला बीबीसीचं रग्बीचं पहिलं समालोचन करताना टेडी वेकलॅमपुढे एका अंध माणसाला बसवलं होतं, तो समजेल असं बोल म्हणून. शहरातल्या अंध शाळांतले तीस विद्यार्थी जर दर सामन्याला बोलावले, तर या मुलांना श्रोतेही मिळतील आणि परीक्षकही. दिवस संपल्यावर स्कोअररनं ध्वनिमुद्रण आणि धावफलक समोरासमोर ठेवून दर तासाचा एक चुकांचा तक्ता काढावा. सलग दोन सामन्यांत ज्याच्या तक्त्यात धावसंख्येची चूक नाही त्याला ग्वाल्हेरच्या मध्य प्रदेश लीगच्या सामन्यांना न्यावं. 2024 पासून ती स्पर्धा तिथे होऊ लागली, आणि इंदूरहून रात्रीची गाडी आहे.